निकोडिमस : पाट्या वाचत पाहिलेलं कॅन्ससमधलं एक गाव

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात हायवे २४ वर निकोडिमस लागतं. मोजकी घरं, मोजकी माणसं. गाडीचा वेग कमी केला नाही तर गाव आलं कधी आणि गेलं कधी हे कळणारही नाही. आम्ही तिथे सप्टेंबरमधला जवळजवळ अख्खा दिवस घालवला. भारतातून आलेली माझी आईही सोबत होती.

जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की थेट निकोडिमसला जाऊ नका. आधी हायवे ७० वरच्या एलिसला थांबा आणि तिथून उत्तरेला निघा. १८७७च्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे ३०० माणसं रेल्वेनं एलिसला उतरली ती याच वाटेनं पुढे गेली. गुलामगिरी संपून बारा वर्षं होत आली होती आणि आपल्या मालकीच्या जमिनीवर आपलं गाव वसवायला ही कृष्णवर्णीय कुटुंबं निघाली होती. एलिसपासूनचं अंतर जेमतेम ५५ किलोमीटर. गाडीला तासही लागत नाही, पण ते पायी आले होते. पुढच्या वसंतात आलेल्या जथ्यातली मुलं गोवरानं आजारी पडली आणि त्यातली काही एलिसलाच दगावली. बाकीचे होकायंत्र हाती धरून, हरणांच्या पायवाटांनी दोन दिवसांत पोचले. हे मनात ठेवून तो रस्ता कापला, की दोन्ही बाजूंचा मोकळा माळ वेगळाच दिसू लागतो.

वाटेत आईनं एकदम गाडी थांबवायला सांगितली. "अरे, ही तर ज्वारी!" ती मंगळवेढ्याकडची, तिची नजर चुकायची नाही. बुटकी ताटं, लालसर भरलेली कणसं, क्षितिजापर्यंत. कॅन्ससमध्ये ज्वारीचं पीक मोठं आहे, पण ते मुख्यतः जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातं, हे तिला सांगितलं तर तिला ते पटेना.

निकोडिमसला पोचल्यावर आधी हायवेलगतच्या छोट्या उद्यानातला राज्याचा इतिहासफलक वाचा. गोष्टीचा सांगाडा तिथे मिळतो. डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचे व्यवहार करणारा गोरा माणूस आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पाद्री, या दोघांच्या पुढाकारानं गावाची आखणी झाली. पण फलकावर मावत नाही ते बरंच आहे, म्हणून तिथून निघून टाउनशिप हॉलमध्ये जा. १९३९ साली बांधलेली ही दगडी इमारत आता माहिती केंद्र आहे. प्रवेश विनामूल्य. मात्र उघडण्याचे वार आणि वेळा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर निघण्याआधी पाहून घ्या, एवढ्या लांब जाऊन दार बंद मिळायला नको.

विलियाना हिकमन यांची आठवण आम्हाला इथेच भेटली. नवऱ्यासोबत १८७८ मध्ये आलेल्या या बाईंनी विचारलं, गाव कुठे आहे? नवऱ्यानं जमिनीतून वर येणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. लोक जमीन खोदून त्या खळग्यांत राहत होते. ते पाहून त्यांना रडू कोसळलं. आईनं हे मला दोनदा वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या जथ्यातली काही कुटुंबं आल्या पावली परत फिरली होती. जी राहिली त्यांना पहिल्या हिवाळ्यात ओसेज जमातीच्या शिकाऱ्यांनी शिकारीतला वाटा दिला, म्हणून ती तगली.

हॉल धरून पाच जुन्या इमारती आहेत आणि त्या चालतच बघायच्या. १८८५चं एएमई (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्च, १९०७चं बॅप्टिस्ट चर्च, १९१८ची शाळा, आणि सेंट फ्रान्सिस हॉटेल. फ्लेचर कुटुंबाच्या या हॉटेलात टपाल कचेरीही चाले. झेड. टी. फ्लेचर हे गावाचे पहिले पोस्टमास्तर. सगळ्या इमारती आतून पाहता येत नाहीत, काही खासगी आहेत. लोक अजून राहतात, तेव्हा अंगणात शिरू नका आणि फोटो रस्त्यावरूनच काढा.

मला सगळ्यात थक्क केलं ते १८८० च्या दशकानं. धुराच्या रेघांच्या जागी दहा वर्षांत दुकानं, चर्चेस आणि दोन वर्तमानपत्रं उभी राहिली. इथे स्थायिक झालेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. गावात रेल्वे यावी म्हणून लोकांनी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. पण मिसूरी पॅसिफिक ही रेल्वे कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीचा मार्ग नदीच्या पलीकडून गेला आणि तिथे बोग हे गाव उभं राहिलं. व्यापाऱ्यांनी दुकानं तिकडे हलवली. १९५३ मध्ये टपाल कचेरीही बंद झाली. तरी वस्ती मोडली नाही. १९९६ मध्ये याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

थोडं सोयीचं बोलतो. गावात पेट्रोल किंवा जेवण मिळेल असं धरून चालू नका. टाकी एलिसलाच भरा. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती उद्यानातल्या बाकावर बसून खाल्ली. वारा सतत असतो, टोपी आणि पाणी हवंच. राहायला पश्चिमेचं हिल सिटी जवळ पडतं. माणसांनी भरलेलं निकोडिमस पाहायचं असेल तर जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला जा. तेव्हा गुलामगिरीतून मुक्तीचा उत्सव असतो आणि पहिल्या वसाहतकारांचे वंशज देशभरातून गावी येतात. इमारती आणि शांतता हवी असेल तर सप्टेंबर बरा.

निघण्याआधी गावाच्या कडेला उभं राहून दक्षिणेकडे बघा. सपाट माळावर नदीकाठच्या झाडांची एक हिरवी रेघ दिसते. रेल्वे त्या रेघेच्या पलीकडून गेली. आई डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून बराच वेळ तिकडे पाहत होती. मग म्हणाली, "एवढ्या जवळून?"