आधी लिहा, मग तोंड उघडा

दिवाळीच्या आधी इथं झ्युरिकच्या ऑफिसात एका नव्या स्क्रीनच्या डिझाईनवर फीडबॅक द्यायचा होता. मी नेहमीसारखा निवांत, सिनियर लोक काय म्हणतात ते बघू आणि त्यालाच थोडा मीठमसाला लावून आपलं म्हणून सांगू. तर टीम लीडनं प्रत्येकाच्या हातात कार्ड आणि पेन दिलं. पाच मिनिटं, बोलायचं नाही, शेजारच्याचं बघायचं नाही, आणि सगळ्यात नवीन पोरगी आधी वाचणार. ऑफिस आहे का दहावीचा बोर्डाचा पेपर? डोकंच फिरलं माझं.

पण ह्या लोकांचा अभ्यास असतो राव, हे मान्य करायला लागतं. २०११ मधे इथल्याच ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांचा एक पेपर आलेला, १४४ विद्यार्थ्यांना अंदाज करायला लावलेले, म्हणजे स्वित्झर्लंड-इटलीची सीमा किती लांब असेल वगैरे. काहींना मधे मधे बाकीच्यांचे अंदाज दाखवले. त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ सरकले, पण गटाचा अंदाज काही सुधारला नाही, आणि आत्मविश्वास मात्र वाढला! हे वाचून मला डायरेक्ट आपला कट्टाच आठवला.

तरी एवढी हवा करायची गरज नाही. ह्याच देशात अपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्या राज्यात आजही चौकात जमून, सगळ्यांच्या देखत हात वर करून मतदान होतं. १९९० च्या एप्रिलमधे तिथल्या पुरुषांनी असेच शेजारी शेजारी उभे राहून बायकांना राज्याच्या कारभारात मताचा हक्क नाकारला, त्याच वर्षी कोर्टानं तो द्यायला लावला म्हणून मिळाला. आपल्याकडं १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत बायकांनी मत टाकलं, तेही गुप्त. आणि शाहू महाराजांनी १९०२ मधे मागासवर्गीयांसाठी नोकरीत पन्नास टक्के जागा ठेवल्या तेव्हा काय गावाचा कौल घेतला नव्हता. घेतला असता तर काय झालं असतं, सांगायला नको.

असो. डिसेंबरात सुट्टीला कोल्हापूरला गेलो, भाच्याच्या जावळाचं जेवण होतं. गच्चीवर मांडव, दोन मोठी पातेली, तांबडा आणि पांढरा. आचाऱ्यानं पळीनं वाटीत तांबडा काढून काकांच्या हातात दिला. काकांनी फुंकर मारून एक घोट घेतला, डोळे मिटले आणि निकाल लावला, "मीठ कमी हाय." झालं. वाटी फिरली तशी आई म्हणाली, व्हय कमीच हाय. दाजी म्हणाले, मला वासावरनंच वाटलेलं. मीठ वासावरनं!

मला मग राहवलं नाही. पांढऱ्याला मी सगळ्यांना किराणाच्या बिलाच्या मागं लिहायला लावलं. "आता रश्श्याला बी मतदान व्हय?" म्हणत काकांनी पण लिहिलं. काका: झकास. आई: मीठ जास्त. दाजी: मिरं लई लागतंय. आत्या: पातळ झालाय, पाणी वतलंय.

म्हणजे बघा, एकच पातेलं आणि चार तोंडं, चौघांचं वेगळं. मघाशी काकांनी आधी तोंड उघडलं नसतं तर तांबड्याचं पण हेच झालं असतं. मी जिंकल्यासारखा आचाऱ्याकडं बघितलं. तो चिठ्ठ्या वाचून म्हणाला, "पावनं, समदं खरं, पर आता ह्यात घालू काय आन काढू काय?" सगळ्यांनी काकांकडं बघितलं, आणि खरं सांगायचं तर मी पण. काका म्हणाले, हाय तसा राहू दे.

आता ह्याला कुणी झुंडशाही म्हणेल. पण रस्सा फसला असता तर पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणात टोमणे काकांनीच खाल्ले असते, आईनं किंवा दाजींनी नाही. आधी बोलणारा माणूस ती जोखीम पण घेतो, हे त्या १४४ जणांच्यात कुठं मोजलंय?

पंगत बसली. पहिल्या पाव्हण्याला विचारलं पांढरा कसा झालाय, तो म्हणाला नाद खुळा. मग पार शेवटच्या ताटापर्यंत नाद खुळा. आत्या पण तेच म्हणाली, तिसरी वाटी पुढं करत.