चाळकेवाडीच्या सड्यावर

ठोसेघरला गर्दी फार, म्हणून आज तिथं न थांबता भाच्याला घेऊन थेट चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. धुकं इतकं की पवनचक्कीचं पातं आधी ऐकू येतं, मग दिसतं. पायाखाली सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सपाट कातळ, खळग्यांत साचलेलं पाणी, काठाला बोटभर उंचीची फुलं. आणि मध्येच सिमेंटचा चौथरा.

भाचा शिल्पकला शिकतो. (घरच्यांना अजून वाटतं गणपती करायला शिकतोय.) त्याच्या डोक्यात रॉबर्ट स्मिथसन हा अमेरिकी शिल्पकार. या माणसानं १९७० साली अमेरिकेत ग्रेट सॉल्ट लेकमध्ये ट्रक लावून काळा बसाल्ट ओतला आणि सुमारे दीड हजार फुटांची चक्राकार वाट केली. तीही जुन्या तेलविहिरींच्या शेजारी. पुढं पाणी चढलं आणि ती कित्येक वर्षं बुडून राहिली. भाच्याला तसलंच काहीतरी इथं करायचंय.

मी म्हटलं, इथं ते आधीच चालू आहे की! याच पठारावरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. पण खाणारी तोंडं वाढल्यानं ते बारीक, आणि नरांच्या गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी रंगीत कातडी असते, तिचा रंगही फिका. यंत्रानं सरड्याला हातही न लावता त्याचा रंग बदलला. यापुढं आपण कसला दगड रचणार?

भाचा म्हणाला, "मामा, हे लोकांना दिसत नाही ना, म्हणून तर शिल्प करायचं."

मुद्दा बरोबर आहे. पण सड्यावर नको. साताऱ्याजवळ एखादी बंद पडलेली दगडखाण, मालकाची हरकत नसलेली, कुणाच्या माहितीत असेल तर कळवा.