गोदामातली ४२ पॅलेट

तिमाही संपायला दोन दिवस उरले होते आणि विक्रीच्या यादीतली एक नोंद मला खटकत होती. एका मोठ्या ग्राहकाच्या नावाने ४२ पॅलेट (फोर्कलिफ्टने उचलता येतील अशा फळ्यांच्या चौकटींवर रचलेल्या) मालाचे इन्व्हॉइस निघाले होते, रक्कम त्या तिमाहीच्या विक्रीच्या जवळपास ९ टक्के होती, पण डिस्पॅचच्या रकान्यात वाहनाचा क्रमांकच नव्हता. विचारणा केल्यावर विक्री विभागाकडून उत्तर आले की माल तयार आहे, ग्राहकाच्या गोदामात जागा नसल्यामुळे तो काही दिवस आपल्याकडेच राहील, आणि तशी विनंती करणारे त्यांचे पत्रही आलेले आहे.

मी फायनान्शिअल कंट्रोलर, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि आर्थिक अहवाल सांभाळणारी अधिकारी, झाले तेव्हा अशा वेळी ते पत्र फाइलला लावणे आणि ऑडिटरने विचारले तर पुढे करणे, एवढेच माझे काम समजले जाई. महिनाअखेरीनंतरचे पहिले दहा दिवस पुस्तके बंद करण्यात जात, बँकेच्या नोंदी ओळीने ओळ हाताने जुळवाव्या लागत, आणि अहवाल व्यवस्थापनासमोर जाई तोवर त्यातले सगळे घडून गेलेले असे. आता जुळवणीचे बहुतेक काम यंत्रणा करते आणि पुस्तके चौथ्या दिवशी बंद होतात. वाचलेल्या वेळात मी काय करावे, याबद्दल कंपनीत प्रत्येकाचे मत वेगळे आहे. त्या दिवशी मी गोदामात गेले.

विकलेला माल विक्रेत्याकडेच ठेवण्याच्या या व्यवहाराला 'बिल अँड होल्ड' म्हणतात आणि तो मुळात गैर नाही. २०१८ पासून लागू असलेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय लेखामानकात त्याला जागा आहे. मात्र मालावरचे नियंत्रण ग्राहकाकडे गेले असे म्हणायला चार अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. माल मागे ठेवण्याला खरेखुरे कारण हवे, जसे की ग्राहकाने स्वतः तशी विनंती केलेली असणे. तो माल त्याचाच म्हणून वेगळा ओळखता यायला हवा. तो लगेच पाठवण्याजोगा हवा. आणि कंपनीला तो स्वतः वापरण्याची किंवा दुसऱ्या ग्राहकाकडे वळवण्याची मुभा नसावी. पहिली अट कागदावर तपासता येते, उरलेल्या तिन्हींसाठी मालासमोर जाऊन उभे राहावे लागते, असा माझा समज होता.

सुपरवायझरने मला ज्या रांगेपाशी नेले तिथे ३१ पॅलेट होती. एकावरही ग्राहकाचे लेबल नव्हते. उरलेली ११ कुठे आहेत असे विचारल्यावर ते अगदी सहज म्हणाले, "सहा अजून पॅकिंगला आहेत, मॅडम, आणि पाच सकाळी दुसऱ्या ऑर्डरला गेली. माल एकच आहे, उद्या भरून काढू." त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, हा माल आता कंपनीचा राहिलेला नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही बोलत असतानाच फोर्कलिफ्टने त्याच रांगेतले आणखी एक पॅलेट उचलून नेले.

नोंद उलटवायला मला पंधरा मिनिटे लागली. विक्री आणि येणी कमी झाली, माल उत्पादनखर्चाच्या किमतीने पुन्हा साठ्यात आला. खरी कसोटी दुपारच्या बैठकीत होती. विक्रीप्रमुख आरडाओरडा करतील असे वाटले होते, पण त्यांनी शांतपणे विचारले, "आज रात्रीत माल पूर्ण केला, वेगळा लावला, लेबले चिकटवली, तर चालेल का?" प्रश्न चोख होता आणि क्षणभर मलाही उत्तर सुचले नाही. मग मी त्या पत्राचा ईमेल व्यवहार मागवला. पत्राचा मसुदा आमच्याच कार्यालयातून गेला होता. ग्राहकाने फक्त सही करून परत पाठवला होता. त्यांना माल मूळ वेळापत्रकानुसार पुढच्या तिमाहीतच हवा होता. म्हणजे पहिली अटही कागदावर तपासता येत नाही, निदान एकाच कागदावर नाही.

पूर्वी मी इथेच थांबले असते. व्यवस्थापकीय संचालकांनी मात्र विचारले की हे मुळात झाले कसे, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळच्या आकड्यांत होते. विक्री विभागाचा प्रोत्साहन भत्ता इन्व्हॉइसच्या तारखेवर ठरत होता. उत्पादन विभागाला यंत्रे भरलेली ठेवायची होती, कारण त्यांचे मोजमाप प्रतिनग खर्चावर होई. दोघेही आपापल्या जागी नियमाने वागत होते आणि दोघांच्या मध्ये माल साचत होता. कच्च्या मालाचे पैसे आम्ही देऊन बसलो होतो. ग्राहकाची उधारी डिलिव्हरीनंतर ६० दिवसांची होती. १३ आठवड्यांच्या रोख अंदाजात हा बदल घातला तेव्हा सातव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसू लागली. तो तक्ता पडद्यावर आल्यावर लेबलांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

ठरले ते असे: भत्ता डिलिव्हरीवर मोजायचा, त्या मालातला काही भाग थांबून राहिलेल्या दुसऱ्या ऑर्डरला रीतसर वळवायचा, आणि ग्राहकाशी बोलून नवे वेळापत्रक विक्रीप्रमुखांनी व मी मिळून ठरवायचे. बँकेला तिमाहीच्या घटीची कल्पना आधीच देण्याचे कामही माझ्याकडेच आले.

यातल्या वेळापत्रकाच्या भागाने मला अस्वस्थ केले. कंट्रोलर हा शब्द 'दुसरी गुंडाळी' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे: मूळ हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली त्याची प्रत. अमेरिकेत २००२ साली सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला आणि अंतर्गत नियंत्रणांची लेखी जबाबदारी व्यवस्थापनावर आली, तेव्हा कंट्रोलरचे वजन वाढले खरे, पण ते 'नाही' म्हणणाऱ्याचे वजन होते. आता आम्हाला 'मग काय करायचे' हेही विचारतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. पण ज्या ऑर्डरचे वेळापत्रक मी ठरवले, तिची विक्री कोणत्या तारखेला धरायची हेही मीच ठरवले, तर दुसरी गुंडाळी कोणाजवळ राहिली?

म्हणून पुढच्या तिमाहीअखेरीस त्या ऑर्डरची कट-ऑफ तपासणी, म्हणजे विक्री योग्य तिमाहीतच धरली आहे का हे पाहण्याचे काम, मी अंतर्गत ऑडिटरकडे सोपवली. तिसऱ्या दिवशी तो एक डिलिव्हरी चलन घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्यावर ग्राहकाची पोच तिमाही संपल्यानंतरच्या तारखेची होती आणि विक्री मात्र आधीच्या तारखेला धरलेली होती. त्या नोंदीला मंजुरी माझी होती.