पेप्टाइड की पेस्टिसाइड?

मांसमाशीच्या अंडाशयात पेप्टाइड (म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी) संप्रेरक किती वेळ टिकतं, एवढंच मला मोजायचं होतं. माश्या पाळल्या, रोज कोंबडीची कलेजी आणली, सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशय सोडवायला हात बसला. वासामुळे मेसमध्ये शेजारी कोणी बसेना, ते सोडा. घोडं अडलं ते खरेदीच्या अर्जावर.

हवं होतं सहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड, फक्त ५ मिलिग्रॅम. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये ते मांसमाशीच्याच अंडाशयातून वेगळं केलं होतं. ते आतड्यातलं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम, बनणं थांबवतं. पचन थंडावलं की पुढच्या अंड्यांना माल मिळत नाही.

दिवाळीनंतर अर्ज दिला. पंधरा दिवसांनी परत आला, वर लाल शाईत शेरा: 'परवानाधारक कृषी केंद्राचे कोटेशन जोडावे.' पेप्टाइडचं पेस्टिसाइड झालं होतं! खरेदीच्या टेबलावरच्या आप्पांची जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे कपाशी. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "हाई कपाशीवर मारानं शे का भो?" मी म्हटलं, नाही आप्पा, हार्मोन आहे. त्यांनी प्रामाणिकपणे 'हार्मोन' लिहिलं आणि मी नव्या खड्ड्यात पडलो. पुढच्या टेबलाला आता प्राण्यांवरच्या प्रयोगाची मंजुरी हवी. ती पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी लागते, माशीसाठी नाही, हे लेखी आणण्यात तीन आठवडे गेले. मग तीन कोटेशनं. एकात शुद्धता ९५ टक्के, दोनात ९८, म्हणून तौलनिक तक्ता नामंजूर. 'दोन-तीन टक्क्यांनी काय होतं' असं मी चिडून बोललो, ते चुकलंच, कारण तेवढ्यानेही फरक पडतो. ऑर्डर निघाली २९ मार्चला. तीन दिवस उशीर झाला असता तर निधीच परत गेला असता. अर्ज करणार असाल तर नावापुढे 'प्रयोगशाळा रसायन, कीटकनाशक नव्हे' असं पहिल्याच दिवशी लिहा. आणि शुद्धता तिन्ही कोटेशनांत एकच मागा.

पार्सल मे महिन्यात आलं. शनिवार-रविवार वॉचमनच्या केबिनमध्ये पडून, बाहेर ४५ अंश. मी रडायचाच बाकी होतो. पण पेप्टाइड सुकी पावडर होती, म्हणून वाचली. विरघळवल्यावर मात्र लहान लहान कुप्यांत वाटून गोठवा. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

प्रयोग त्यामानाने लवकर उरकला. अंडाशय पेप्टाइडच्या द्रावणात ठेवायचं, ०, ५, १५, ३० मिनिटांना नमुना काढून लगेच आम्ल घालायचं, म्हणजे एन्झाइम थांबतात. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मूळ पेप्टाइडचं शिखर बसत गेलं, बाजूला नवी दोन उगवली. अंडाशयात एसीई नावाचं एन्झाइम असतं, आपल्या रक्तदाबाशी संबंधित एन्झाइमचं भावंडच. ते शेपटाकडची दोन अमिनो आम्लं तोडतं, चार उरतात. हे एन्झाइम अडवणारं, रक्तदाबावरचं औषध कॅप्टोप्रिल घातल्यावर शिखर बराच वेळ टिकलं. ते कॅप्टोप्रिल फार्मसीतल्या मित्राने चिमूटभर दिलं, कोटेशनशिवाय!

एक विसरलोच: द्रावणातलं पेप्टाइड कमी झालं म्हणजे अंडाशयाने आत घेतलं, असं समजू नका. बाहेर सांडलेली एन्झाइमंही ते फोडतात. अंडाशय नीट धुऊन, चिरडून आतही शोधावं लागतं, आणि अंडाशय न घातलेलं द्रावण तुलनेला हवंच. मी पहिल्या खेपेला ते ठेवलं नव्हतं. दोन कुप्या वाया गेल्या, सरांना अजून सांगितलेलं नाही.

परवा आप्पांचा फोन आला. साठा नोंदवहीत 'शिल्लक' रकाना रिकामा आहे म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, माशीने त्याचे दोन तुकडे केले. जरा वेळ शांतता. मग विचारलं, "मंग दोन नग लिखू का?"