तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा मशीन देतं, मग केमिस्ट कशाला?

अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, सोसायटीतले शेजारीही विचारतात: "आता नमुना घातला की मशीनच आकडा देतं. मग फूड लॅबमध्ये केमिस्टचं काम काय? या लाइनमध्ये पुढे काही आहे का?" पुण्यात याच कामात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा नीट उत्तर देते.

मशीन आकडा देतं हे खरंच आहे. पण नमुना कसाही घेतलेला असो, ते आकडा देतंच.

प्रथिनांचं बघा. पाकिटावरचं 'प्रोटीन' बहुतेक वेळा थेट मोजलेलं नसतं, मोजलेला असतो नायट्रोजन. योहान केल्डाल यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1883 मध्ये दिलेली ही पद्धत आजही चालते. नमुना गरम सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये डायजेस्ट करायचा, म्हणजे पूर्ण विरघळवायचा, अल्कली घालून अमोनिया डिस्टिल करायचा, म्हणजे वाफेच्या रूपात वेगळा काढायचा, तो बोरिक अ‍ॅसिडमध्ये धरून टायट्रेट करायचा, म्हणजे ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंब थेंब घालून मोजायचा. आलेल्या नायट्रोजनला 6.25 ने गुणायचं, कारण प्रथिनात साधारण 16 टक्के नायट्रोजन धरला आहे. दुधाला मात्र 6.38, गव्हाला 5.7. कुठला गुणक लावायचा हे समोर काय आहे ते ओळखणारा माणूस ठरवतो.

आणि नायट्रोजन प्रथिनातूनच आला, हे कशावरून? चीनमध्ये 2008 साली नेमकं हेच झालं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे तपासणीत दूध सकस दिसलं. सुमारे 3 लाख बाळं आजारी पडली, 6 दगावली. नायट्रोजनचा आकडा बरोबर होता, दूध खोटं होतं. नवीन मुलांना केल्डाल शिकवताना मी आधी हे सांगते आणि मग बर्नर लावायला देते.

नमुन्याची गोष्ट याहून अवघड. मार्केट यार्डातून शेंगदाण्याचं पोतं येतं, अफ्लाटॉक्सिन बघायचं असतं. हे बुरशीचं विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि मधले मोजकेच विषारी, असं असतं. वरची मूठभर उचलून दिलीत तर एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) प्रामाणिकपणे 'आढळलं नाही' म्हणेल. म्हणून लॉटमधल्या, म्हणजे एकाच खेपेतल्या मालाच्या, वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून, तळातून थोडं थोडं घ्यायचं, सगळं एकत्र दळायचं, ढवळायचं, आणि मग त्यातले काही ग्रॅम तोलायचे. निकाल किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये येतो, पण त्याचं भवितव्य गोदामात ठरलेलं असतं. लॅबमधल्या कितीही महागड्या उपकरणापेक्षा मला गोदामात नमुना घेणाऱ्या त्या हाताची काळजी जास्त वाटते.

कार्बोहायड्रेटचं तर अनेकांना नवल वाटतं. पाकिटावर छापलेला हा आकडा बऱ्याचदा कुणी मोजलेलाच नसतो. शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि राख (नमुना पूर्ण जाळल्यावर उरणारी खनिजं) वजा केली की उरतं ते कार्बोहायड्रेट. म्हणजे बाकी चारांतली प्रत्येक चूक गुपचूप त्याच्यात जाऊन बसते. गुळाचा ओलावा इतर पदार्थांसारखा 105 अंशांवर तापवून, घटलेल्या वजनावरून काढला तर साखरच तुटू लागते, वजन घटतच राहतं आणि ओलावा खोटाच जास्त दिसतो. म्हणून गुळाला व्हॅक्यूम ओव्हन (आतली हवा काढून घेतलेली भट्टी) आणि कमी तापमान. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातून ओलावाही चुकतो, कार्बोहायड्रेटही आणि त्यावरून काढलेल्या कॅलरीही. मधुमेह असलेला कुणीतरी तोच आकडा वाचून किती खायचं ते ठरवत असतो.

कायद्याच्या नमुन्यांत जबाबदारी आणखी वाढते. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतात. एकच भाग फूड अ‍ॅनालिस्टकडे येतो आणि 14 दिवसांत अहवाल द्यावा लागतो. उरलेल्यातला भाग पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत उघडला जाऊ शकतो. तिथल्या अनोळखी केमिस्टलाही आपल्याजवळचाच आकडा मिळायला हवा. त्यासाठीच ब्लँक (नमुन्याशिवाय केलेली चाचणी), रिकव्हरी (मुद्दाम घातलेला पदार्थ किती परत सापडतो ते बघणं), प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्याचा आकडा आधीच खात्रीने ठाऊक असतो तो नमुना) ही सगळी खटपट. अहवालाखाली सही माणसाची असते.

आता पुढे काही आहे का, त्याबद्दल. आहे. तीन वर्षं अन्नतपासणीचा अनुभव घेऊन एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची) फूड अ‍ॅनालिस्टची परीक्षा देता येते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे लपवत नाही. पहिल्याच दिवशी एलसी-एमएसवर (अगदी सूक्ष्म अंश ओळखणाऱ्या मशीनवर) बसायचा हट्ट धरू नका. वर्षभर वेट केमिस्ट्री, म्हणजे हाताने करायच्या द्रावणांच्या चाचण्या, करा, सोल्यूशनं स्वतः स्टँडर्डाइज करा (त्यांची नेमकी तीव्रता ठरवा), स्निग्धांश काढणारं सॉक्सलेट लावा, राख पांढरी होईपर्यंत मफल फर्नेसजवळ (नमुना जाळायच्या भट्टीजवळ) थांबा. पुढे मशीनवर बसाल तेव्हा आलेल्या आकड्यावर शंका कशी घ्यायची ते तुम्हाला कळत असेल.

आणि पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या लॅबमध्ये मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर एवढं विचाराच: गेल्या प्रोफिशिएन्सी टेस्टिंगमध्ये (एकच नमुना अनेक लॅबना देऊन निकाल ताडून बघतात त्यात) झेड-स्कोअर, म्हणजे तुमचा आकडा मान्य आकड्यापासून किती दूर गेला त्याचं माप, काय आले, आणि दोनच्या बाहेर गेला तेव्हा काय केलंत? फाइल काढून दाखवणारी लॅब मिळाली, तर दोन पैसे कमी असले तरी तिथेच रुजू व्हा.