चोजो म्हणजे काय हो सर?

माझ्या कोरियन भाषेच्या क्लासची शनिवारची दुपारची बॅच. पाचच जण, त्यातले तिघं चाकण-रांजणगावच्या कोरियन कंपन्यांत इंटरप्रिटर, त्यामुळे एरवी आमच्याकडे मीटिंगची भाषा, ड्रॉइंग आणि रिजेक्ट झालेला माल हेच चालतं. पण २०२४ ला हान कांग या कोरियन लेखिकेला साहित्याचं नोबेल मिळालं आणि तेव्हापासून यांचं टुमणं सुरू, सर एखादी कथा घ्या ना. मी म्हटलं घेऊ, पण हान कांग नको, तिच्या आधीच्या पिढीतली ओ जंग-ही घेऊ. तिची १९७९ ची 'चायनाटाऊन' माझी फार आवडती. कोरियन युद्धानंतरचं इंचॉन बंदर, मालगाडीतून कोळसा चोरणारी पोरं, अमेरिकन सैनिकांबरोबर राहणाऱ्या बायका, आणि हे सगळं बघत बघत सांगणारी शाळकरी मुलगी.

पहिलं पान आणि शेवटचं पान मीच टाइप करून दिलं. एकाच उच्चाराचे वेगळे शब्द ओळखता यावेत म्हणून कोरियनमध्ये कधी कधी कंसात चिनी अक्षरं देतात, ती दिसली की पोरं घाबरतात म्हणून उडवली. हा शहाणपणा नडला.

सुरुवात मजेत झाली. कोरियन क्रियापदाला लिंगच नसतं, मी गेलो काय आणि मी गेले काय, सगळं एकच, आणि मराठीत तर पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. एकाने आख्खं पान 'मी पळालो, मी लपलो' करून आणलं होतं. कोळसा चोरतोय म्हणजे मुलगाच असणार ना सर, म्हणाला. बरं.

मग शेवटचं पान. घरात आई आठव्या बाळंतपणात अडलेली, मोठ्या कष्टाने सुटते. मुलगी भिंतीतल्या अंधाऱ्या कपाटात, आईला हाका मारते, अंगाला कोळिष्टकासारखी चिकटलेली ती गरमी कसली म्हणून कपड्यात हात घालून बघते. आणि शेवटचं वाक्य एवढंच, की ते 'चोजो' होतं. चौघांनी लिहिलं होतं, 'ती बेचैनी होती.' डिक्शनरीत चोजो टाकलं की बेचैनीच येतं, त्यांची काय चूक.

पाचवी, आमच्यातली सगळ्यात मोठी, दोन मुलींची आई, तिने ती जागा कोरी सोडली होती. म्हणाली, "बेचैनी कशी असेल सर? बेचैनी कपड्यात हात घालून शोधतात का? तिची पाळी आलीय."

शांतता. मी मुकाट्याने बोर्डावर ती उडवलेली दोन अक्षरं काढली. पहिलं म्हणजे 'प्रथम', दुसरं म्हणजे समुद्राची भरती. उच्चार तोच, शब्द वेगळा. आणि वीस वर्षं ही भाषा शिकवणारा मी, माझ्या तोंडून काय बाहेर पडलं तर "प्रथम रजोदर्शन". ती हसायलाच लागली, कोण बोलतं हो असं!

मग जी जुंपली. एक म्हणाला 'पहिली भरती' ठेवू, बंदराचं गाव आहे, तर दुसरा म्हणतो पोलीस भरती वाटेल. तिने आजीचे शब्द काढले, 'न्हाण आलं', पण त्यात साडीचोळी, ओटी, कौतुक आलं, आणि या पोरीच्या वाट्याला कपाट आहे नुसतं. 'कावळा शिवला' म्हटलं की कोपऱ्यात बसवल्यासारखं होतं. 'अडचण' तर नकोच. मूळ शब्द कोरडा आहे, शरीरशास्त्राच्या पुस्तकातला, आणि तो तसा कोरडा आहे म्हणूनच टोचतो, हे मला तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा नीट कळलं, खरं सांगतो. शेवटी 'पहिली पाळी आली होती' वर थांबलो. माझं मन अजून भरलेलं नाही.

पळालोवाला खाली मान घालून एकेक 'पळाले, लपले' करत बसला होता.

पाच वाजले, पुढची बॅच म्हणजे कॉलेजची पोरं, दारात चपलांचा आवाज आला तसा मी डस्टर उचलला आणि बोर्ड पुसायला लागलो. ती पर्स आवरता आवरता म्हणाली, "सर, एरवी तर व्याकरण आठवडाभर बोर्डावर ठेवता."