पहाटे साडेचारला, आवाज न करता

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं आणि मी गेले नाही. विचारणाऱ्यांना मी तीन कारणं सांगते. मुलीची मॉक परीक्षा होती, सुट्ट्या दिवाळीत संपल्या होत्या आणि तिकिटाचे भाव बघवत नव्हते. आईचं म्हणणं असं की कारण एकच असलं तर ते खरं असतं, तीन असली की माणसाला यायचंच नसतं.

वाईला संकल्प सकाळी दहाला होता. इथे इंग्लंडमध्ये तेव्हा पहाटेचे साडेचार. त्या वेळी मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत एकेक सुटी मूठ, नुसता दांडा. पाणी प्यायला खाली आलेला नवरा दारातच थांबला. त्याला दिसलं ते एवढंच: बायको पहाटे हवेत काहीतरी वरखाली करतेय, ओठ हलताहेत, आवाज काही नाही. वाईचं ऐकून मी जप करतेय असं त्याला वाटलं. फार चुकलाही नव्हता.

मी घंटा वाजवत होते.

इथे लफबरोजवळ आम्हाला येऊन अकरा वर्षं झाली. २०२३ मध्ये राजा चार्ल्सचा राज्याभिषेक होता, त्यासाठी देशभर नवे घंटावादक शोधत होते. लायब्ररीत कागद लावलेला दिसला म्हणून गेले. म्हटलं, घंटाच तर वाजवायची. देवळात कडेवरचं पोरही वाजवतं.

इथेच माझी पहिली जिरली. आपल्याकडे देवळात शिरताना हात वर केला की घंटा वाजली, विषय संपला. इथली घंटा माणसापेक्षा कितीतरी जड, एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली. आधी ती झुलवत झुलवत उलटी, म्हणजे तोंड वर करून, उभी करायची. मग दोर ओढला की ती पूर्ण गोल फिरते, एकदा वाजते आणि परत तोंड वर करून थांबते. दुसऱ्या ओढीला उलट्या दिशेने तेच. दोराला जाड लोकरी पट्टा असतो, त्याला सॅली म्हणतात. ती वेळेवर सोडली नाही तर दोर तुम्हाला घेऊन छताकडे निघतो. मला सहा आठवडे फक्त एकच घंटा, तीही शिक्षक शेजारी उभे असताना. बाकीच्यांबरोबर वाजवायला मिळाली ती राज्याभिषेक होऊन गेल्यावर.

शिकताना गावाला त्रास नको म्हणून हे लोक घंटेची जीभ बांधून ठेवतात. चाकाजवळ सेन्सर बसवतात आणि आवाज खाली खोलीतल्या संगणकातून काढतात. घंटा फिरते, गावाला पत्ता नाही. मी हे घरी फोनवर फार कौतुकाने सांगितलं. दादा म्हणाला, आपल्याकडे विसर्जनाच्या डीजेला असं काही बसवता येईल का बघ. मला राग आला. डीजेबद्दल मीच त्याच्याशी तासतासभर बोलते, पण इथे बसून ते ऐकताना मला लगेच वाईची बाजू घ्यावीशी वाटते. चर्चशेजारी घर घेऊन मग घंटांची तक्रार करणारे इथेही आहेत, हे मी त्याला लगेच सुनावलं.

आत्याचा फोन वेगळ्याच कारणासाठी आला. “चर्चमध्ये घंटा वाजवतेस म्हणे? बाटलीस की काय गं?” मी म्हटलं, आत्या, आपल्या मेणवलीच्या घाटावरची घंटा कुठली? तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. लहानपणी आपण तीच बडवली ना? चर्चची घंटा देवळात चालते, मग वाईची मुलगी चर्चमध्ये का चालू नये? १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक आणि रानडे चहा प्यायले म्हणून केवढा गदारोळ झाला होता, आज त्याच चर्चच्या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत, हेही ऐकवलं. आत्या नाशिकची. नाशकात मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, आणि आमच्या घरात ते कोणाला म्हणतात ते घरच्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र ती घंटा मी होते.

तर बाबा. इथल्या घंटावादकांची एक पद्धत मला मनापासून आवडते. कोणाचा वाढदिवस, लग्न, कोणी गेलेलं, काहीही असलं की त्या माणसाच्या नावाने वाजवतात. पाऊण तासाचा क्वार्टर पील वाजवला तर बेलबोर्ड नावाच्या संकेतस्थळावर नोंद होते, कोणी कोणती घंटा वाजवली आणि कशासाठी. फुलांचा गुच्छ नाही, केक नाही. सहा-आठ माणसांनी पाऊण तास लक्ष दिलेलं असतं, तीच भेट. बाबांसाठी आमच्या मनोऱ्यात वाजवायचं ठरलंही होतं. पण दुरुस्तीसाठी घंटा बंद झाल्या, आणि पहाटे साडेचारला तर कोणी वाजवूही दिलं नसतं.

म्हणून घरी, एकटीने. मार्च २०२० मध्ये मनोरे बंद पडले तेव्हा रिंगिंग रूम नावाची सोय तयार झाली. दूरदूरची माणसं आपापल्या घरून एका पडद्यावरच्या घंटा वाजवू लागली. (त्याच महिन्यात २२ तारखेला आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. इथल्या मैत्रिणींना मी ते सांगते तेव्हा अर्धं कौतुक असतं, अर्धी लाज.) सोबतीला माणसं नसतील तर व्हीटली नावाचा बॉट उरलेल्या घंटा वाजवतो. मुठींमध्ये सेन्सर असतो, हात वर केला की एक टोला, खाली आणला की दुसरा. मी १ आणि २ नंबरच्या घंटा घेतल्या, ३ ते ६ व्हीटलीकडे.

यात चाल वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. १२३४५६, मग २१४३६५, मग २४१६३५. प्रत्येक ओळीत एखादी घंटा फार तर एक जागा पुढेमागे सरकते, कारण खऱ्या घंटेचं धूड एकदम लवकर किंवा उशिरा फिरवता येत नाही. दर दोन ओळींनंतर एका टोल्याएवढी मोकळी जागा सोडायची. तबल्याची सम माहीत असणाऱ्याला ती जागा पोटात कळते. सहा घंटांचे क्रम होतात ७२०. ते सगळे, प्रत्येक एकदाच, एकही पुन्हा न येता, शेवटी परत १२३४५६. कागद समोर ठेवायचा नाही, सगळं डोक्यातून. स्क्रीनवर बघून वाजवण्याचा मोह होतो म्हणून मी लॅपटॉपवर चहाचं फडकं टाकते. आठ घंटांचे क्रम ४०३२०. ते इथे लफबरोच्या घंटा ओतायच्या कारखान्यातल्या मनोऱ्यात १९६३ मध्ये आठ माणसांनी न थांबता वाजवले, जवळजवळ अठरा तास. मधे बदली माणूस नाही.

बाबा गणिताचे शिक्षक. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “अंकपाश.” भास्कराचार्यांनी लीलावतीत विचारलंय की शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं हातांत अदलून बदलून दिली तर मूर्तीचे किती प्रकार होतील? ३६२८८००. विष्णूच्या चार हातांचे २४. “तुमच्या साहेबांनी तेच दोरीला बांधलं,” बाबा म्हणाले. पुढे महिनाभर शाखेत, बँकेत, दवाखान्यात, भेटेल त्याला हे सांगत होते.

म्हणून ७२०.

पहिल्यांदा चारशेच्या आसपास कोसळले. मनोऱ्यात चुकलात तर समोरचा डोळ्याने खुणावतो, कोणी तुमचा नंबर ओरडतो, वाट तरी बघतात. व्हीटलीला तसं काही नाही. ‘माझ्यासाठी थांब’ अशी एक सोय आहे त्यात, ती मी मुद्दाम बंद ठेवली होती. का, ते माहीत नाही. कदाचित सगळी सूट आधीच घेऊन झाली होती म्हणून.

फोन उभा करून ठेवला होता. त्यात आवाज बंद केलेली वाई दिसत होती. गुरुजींचे हात, चौरंगाची एक बाजू, निरांजनं लावणारी वहिनी, आणि मधेच कोणाचा तरी पाठमोरा शर्ट. मी दुसऱ्यांदा सुरू केलं. या वेळी जमत गेलं. अर्ध्याच्या पुढे मोकळ्या जागा अशा अचूक पडायला लागल्या की मी हात हलवतेय हेच विसरले. तेवढ्यात फोनमधला शर्ट बाजूला झाला आणि बाबा दिसले. खांद्यावर नवं उपरणं, मान खाली. इतके लहान कधी झाले?

विसाव्या मिनिटाच्या आत १२३४५६ आलं. मी मुठी ओट्यावर ठेवल्या. बाहेर अंधारच होता.

त्यांच्या दुपारी फोन केला. जेवणं चालू होती, मागे पानात काय वाढायचं यावर दोन आवाज भांडत होते. बाबांनी विचारलं, “सगळे ७२० झाले? एकही पुन्हा नाही?”

“झाले,” मी म्हटलं.

खरं असं की तो शर्ट बाजूला झाला तेव्हा माझ्या हातांतल्या १ आणि २ ची अदलाबदल झाली आणि बारा ओळी मी तशाच वाजवल्या. घंटावादकांच्या हिशोबाने हे बाद. १ च्या जागी २ वाजली की त्या बारा ओळी दुसरीकडे कुठेतरी येऊन गेलेल्या किंवा पुढे येणाऱ्या असतात, म्हणजे पुनरावृत्ती, आणि तेवढ्याच ओळी कधी वाजल्याच नाहीत. बाबांनी कागदावर मांडलं तर दोन मिनिटांत पकडतील. बेलबोर्डवर मी नोंद टाकली नाही.

वहिनी, बाबांना ब्लॉग वाचून दाखवशील तेव्हा ‘झाले’च्या इथे थांब.